बोहारणीपासून गुडविलपर्यंत

२००३ च्या ऑगस्टमध्ये दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि आईने बांधून दिलेले मेतकूट-भाजणीचे डबे घेऊन मी डोंबिवलीहून बॉस्टनला एम. एस. करायला आलो. आपल्यापैकी बऱ्याच जणांची गोष्ट अशीच सुरू होते, म्हणून ती लांबवत नाही. ऑक्टोबर उजाडला आणि दादरला घेतलेलं माझं 'विंटर जाकीट' हे महाबळेश्वरच्या थंडीसाठी असतं, बॉस्टनच्या नाही, असा साक्षात्कार झाला. मॉलमध्ये कोटाची किंमत दीडशे डॉलर. तेव्हा डॉलर सेहेचाळीस रुपयांच्या आसपास होता आणि प्रत्येक वस्तू घेताना डोक्यात गुणाकार चाले. उत्तर आलं की वस्तू जागेवर ठेवायची!

शेवटी एक सीनियर म्हणाला, "अरे, मॉलमध्ये कसला जातोस? शनिवारी माझ्याबरोबर चल." तो मला थ्रिफ्ट स्टोअरमध्ये घेऊन गेला. गोदामासारखं दुकान, ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड, बंद कपाटाचा असतो तसला वास. लांबच लांब दांड्यांवर शेकडो कोट टांगलेले. त्यातला एक निळा लोकरीचा कोट मला अगदी बेतून शिवल्यासारखा बसला. किंमत बारा डॉलर, म्हणजे साडेपाचशे रुपये. घेतला.

रविवारी कॉलिंग कार्डावरून घरी फोन केला. आईने विचारलं, "कोट घेतलास का रे?"

"घेतला."

"नवा ना?"

"हो, सेल होता."

आईशी परदेशातून बोललेलं हे माझं पहिलं खोटं. त्याचं कारण समजून घ्यायचं तर आमच्या डोंबिवलीच्या घराच्या दारात बसणाऱ्या बोहारणीला भेटायला हवं. दुपारी बाराच्या पुढे, पुरुष मंडळी कामाला गेली की डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन ती यायची. आई जुन्या साड्या, बाबांच्या पँटी, माझे आखूड झालेले शर्ट बाहेर आणायची. बोहारीण एकेक कपडा उजेडात धरून बघायची, शिवण ओढायची. "ताई, ह्या पँटीला गुडघ्यात काही राहिलं नाही. आणखी एक साडी टाका, मग पातेलं घ्या." "अगं, तीन साड्या दिल्या की! झाकण तरी दे." पाऊण तास हा तह चालायचा. शेवटी स्टीलचं पातेलं आमच्या घरात यायचं आणि कपडे बोहारणीच्या बोचक्यात जायचे. तिथून ते दुरुस्त होऊन बाजारात विकले जात, हे आम्हाला माहीत होतं. ते विकत कोण घेतं हा प्रश्न मात्र आमच्या घरात कधी पडला नाही. आपण घेत नाही एवढं नक्की होतं. चुलतभावाचा शर्ट चालायचा, परक्याचा उतरलेला कपडा अंगावर घालायचा नाही. आणि मी तो बारा डॉलर मोजून घातला होता.

आता माझी पंधरा वर्षांची लेक मैत्रिणींबरोबर 'थ्रिफ्टिंग'ला जाते. सहलीला जावं तशी नटूनथटून जाते आणि घरी आल्यावर "डॅड, गेस कितीला मिळालं!" म्हणून मिरवते. मी जे लपवलं ते ती मिरवते. मधल्या काळात असं काय झालं, म्हणून मी ह्या दुकानांचा इतिहास वाचायला घेतला. आय. टी.वाल्यांना जुन्या सिस्टीमच्या मुळाशी जायची खोडच असते. आणि वाचता वाचता एक धागा चक्क मुंबईत येऊन पोचला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शहरांत जुन्या कपड्यांचा धंदा बराचसा ज्यू स्थलांतरित फेरीवाल्यांच्या हातात होता. जुना कपडा म्हणजे घाण, रोगराई आणि फसवणूक अशी समजूत होती आणि त्यात ज्यूद्वेषाचाही वाटा होता. ह्या धंद्याला प्रतिष्ठा दिली ती धर्मादाय संस्थांनी. विल्यम बूथ यांनी १८६५ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या मिशनने १८७८ साली 'साल्व्हेशन आर्मी' हे नाव घेतलं. १८९० च्या 'इन डार्केस्ट इंग्लंड अँड द वे आउट' ह्या पुस्तकात बूथ यांनी योजना मांडली, की श्रीमंत घरांतलं टाकाऊ सामान गोळा करायचं आणि त्यातून बेकारांना काम द्यायचं.

ही कल्पना अमेरिकेत रुजली तेव्हा तिथल्या साल्व्हेशन आर्मीचे प्रमुख होते फ्रेडरिक बूथ-टकर. हा गृहस्थ मूळचा आय. सी. एस. अधिकारी, जन्म बिहारमधल्या मुंगेरचा. सरकारी नोकरी सोडून १९ सप्टेंबर १८८२ रोजी तो तीन सहकाऱ्यांसह मुंबई बंदरात उतरला आणि भारतात साल्व्हेशन आर्मीचं काम सुरू झालं. 'फकीर सिंग' असं नाव घेऊन हे साहेब भारतीय पोशाखात अनवाणी हिंडत. मुंबईत मिरवणुका काढल्या म्हणून त्यांना अटकही झाली. पुढे बूथ यांच्या कन्या एमा यांच्याशी लग्न झाल्यावर त्यांनी जोडनाव घेतलं आणि १८९६ ते १९०४ ह्या काळात अमेरिकेची धुरा सांभाळली. १८९७ साली न्यूयॉर्कमधल्या पुरुषांच्या एका निवाऱ्याच्या तळघरात जुन्या सामानाचं काम सुरू झालं. निवाऱ्यातले लोक ढकलगाड्या घेऊन घरोघरी जात, सामान आणत, दुरुस्त करत, आणि ते विकलं जाई. मुंबईच्या गल्ल्यांमधून अनवाणी फिरलेल्या ह्या माणसाने दारोदार जुनं सामान घेणारे आपले फेरीवालेही पाहिले असतील का, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

दुसरं मोठं नाव बॉस्टनचं, आणि तेही मी शिकलो तिथून चालत जाण्याच्या अंतरावरचं. साउथ एंड वस्तीत एडगर हेल्म्स नावाचे मेथडिस्ट पाद्री होते. वस्ती गरीब स्थलांतरितांची. १९०२ साली हेल्म्स तागाच्या गोण्या घेऊन श्रीमंत वस्त्यांत गेले, जुने कपडे आणि सामान मागून आणलं आणि चर्चमध्ये आणून ठेवलं. पण ते नुसतं वाटण्याऐवजी त्यांनी वस्तीतल्याच लोकांना दुरुस्तीच्या कामाला लावलं, त्याची मजुरी दिली आणि दुरुस्त झालेला माल थोड्या किमतीला विकायला ठेवला. १९१५ च्या सुमारास ब्रुकलिनमधल्या अशाच एका उपक्रमाकडून त्यांना 'गुडविल' हे नाव मिळालं. आज अमेरिका आणि कॅनडात गुडविलची तीन हजारांहून अधिक दुकानं आहेत.

हेल्म्स यांचं मर्म त्या थोड्या किमतीत आहे. फुकट कोट घेणारा माणूस याचक असतो. तोच कोट पन्नास सेंट देऊन घेतला की तो गिऱ्हाईक होतो, नापसंत करू शकतो, ताठ मानेने दुकानाबाहेर पडू शकतो. आमची बोहारीण वेगळं काय करत होती? तिने आईकडे कधी कपडे मागितले नाहीत. पातेलं देऊन सौदा केला. म्हणूनच ती उंबऱ्याशी बसून आईशी बरोबरीने भांडू शकत होती.

पुढचा प्रवास भराभर झाला. १९१७ साली अमेरिकेत धर्मादाय देणग्यांना आयकरात वजावट मिळाली. पहिल्या महायुद्धात सरकारने पंचवीस सेंटची 'थ्रिफ्ट स्टॅम्प्स' विकून काटकसर हे देशकार्य ठरवलं आणि 'थ्रिफ्ट' शब्दाला वजन आलं. १९५४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात 'सेव्हर्स'चं पहिलं दुकान निघालं. हे सरळसरळ नफ्यासाठी. नव्वदच्या दशकात ग्रंज संगीतवाल्यांनी ढगळ, विटके स्वेटर घालून रंगमंच गाजवला. कर्ट कोबेनने १९९३ साली एम. टी. व्ही.च्या कार्यक्रमात घातलेलं हिरवं स्वेटर २०१९ च्या लिलावात ३,३४,००० डॉलरना गेलं. डाग पडलेलं, सिगारेटने भोक पडलेलं आणि न धुतलेलं! आमच्या बोहारणीने त्यावर चहाची गाळणीसुद्धा दिली नसती.

ह्या दुकानांत सापडणाऱ्या घबाडाच्याही गोष्टी आहेत. २०१८ साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या गुडविलमध्ये एका बाईंनी ३४.९९ डॉलरना संगमरवरी अर्धपुतळा घेतला. तो खराखुरा प्राचीन रोमन निघाला, जर्मनीतल्या एका संग्रहातून दुसऱ्या महायुद्धानंतर गहाळ झालेला! २०२३ साली तो जर्मनीला परत गेला. माझ्या नशिबी मात्र ९९७ तुकड्यांचं हजार तुकड्यांचं जिगसॉ, फिरणारं पातं नसलेलं ब्रेड मशीन आणि पँट नसलेला सुंदर सूट. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी डोळ्यांसमोर असते, तरी मोह सुटत नाही. कधी निळ्या फुलांचं कॉर्निंगवेअरचं भांडं चार डॉलरला मिळतं आणि मागचे सगळे तोटे माफ होतात.

आपण देतो त्या कपड्यांचं सगळंच काही विकलं जात नाही. अमेरिकन पर्यावरण संस्थेच्या आकडेवारीप्रमाणे २०१८ साली देशात १ कोटी ७० लाख टन कापडाचा कचरा झाला, त्यातलं १ कोटी १३ लाख टन जमिनीत पुरलं गेलं. दुकानांत न खपलेल्या कपड्यांचे गठ्ठे परदेशी जातात. त्यातले काही कांडल्याला उतरतात आणि लोकरीच्या चिंध्या हरियाणात जातात. तिथे बटणं काढून, फाडून, पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्यातून स्वस्त घोंगड्या विणतात. आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटतात त्यातल्या कितीतरी तिथल्याच. ह्या उद्योगाचं मोठं केंद्र कोणतं? पानिपत! माझा निळा कोट मी २०१५ साली देऊन टाकला. त्याचंही शेवटी पानिपतच झालं असेल, तर निदान कुणाला तरी ऊब देऊन झालं असेल.

त्याआधी २०११ साली आई पहिल्यांदा इथे आली होती. कोटाचं अस्तर उसवलेलं दिसलं, तशी सुईदोरा घेऊन बसली. आतल्या बाजूला कापडाची छोटी पट्टी होती, तिच्यावर कुणाची तरी इंग्रजी आद्याक्षरं. आईने चष्मा वर केला. "काय रे, नव्या कोटात दुसऱ्याचं नाव शिवून देतात का तुमच्या अमेरिकेत?"

आठ वर्षांनी खोटं उघडं पडलं. मी सगळं सांगितलं. ती जरा वेळ टाके घालत राहिली. मग म्हणाली, "पैसे मोजलेस ना? मग तो तुझाच. लपवायचं काय त्यात?" हेल्म्स यांना जे सांगायला एक संस्था उभारावी लागली, ते आईने दोरा तोडता तोडता सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी तिला त्या दुकानात घेऊन गेलो. सगळं आवडलं, फक्त घासाघीस करता येत नाही याचं तिला फार वाईट वाटलं.

आईचं ते दुःख मला खऱ्या अर्थाने कळलं गेल्या वर्षी. इथल्याच एका थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांत मला कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' दिसलं. मराठी. पानांवर हळदीचे डाग. पहिल्या पानावर सुरेख अक्षरात लेकीच्या लग्नानिमित्त आईने लिहिलेला आशीर्वाद, खाली १९७८ साल. किंमत एक डॉलर. कुणाचं तरी घर आवरलं गेलं असणार आणि आवरणाऱ्या मुलांना ते अक्षर वाचता येत नसणार. त्यांना दोष देत नाही. माझ्या लेकीलाही ते वाचता आलं नाही. मी वाचून अर्थ सांगितला तर म्हणाली, "मग त्यांनी हे दिलं का?"

बोहारीण निदान प्रत्येक कपडा उजेडात धरायची आणि आई म्हणायची, "ही माझ्या डोहाळजेवणातली, हिचं जास्त दे." इथे खोकं मागच्या दाराशी ठेवायचं, पावती घ्यायची आणि निघायचं. घेणाऱ्याचा मान राहतो, पण वस्तूची गोष्ट दारातच तुटते.

तेव्हा मंडळी, दिवाळीच्या आवराआवरीत जुनं सामान जरूर द्या. स्वच्छ, धड, बटणं असलेलं द्या, आणि कधीतरी तिथून घ्याही. पण खोक्यात घालण्याआधी एकदा मुलांना हाक मारा आणि वस्तू उजेडात धरा. आमच्या घरी आम्ही आजीचं तांब्याचं घंगाळं, पोळपाट, सासूबाईंची पैठणी यांच्याजवळ चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, मराठीत आणि इंग्रजीत. 'रुचिरा' आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. त्यातही एक चिठ्ठी आहे. पहिल्या पानावरच्या त्या चार ओळींचं भाषांतर लेकीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे.