नाताळची कथा आणि ‘डॉक्टर हू’

नाताळनिमित्त अद्भुतकथा सांगण्याचा जो रिवाज इंग्लंडात चार्ल्स डिकन्सच्या 1843 मधील ‘अ ख्रिसमस कॅरल’ने दृढमूल केला, त्याचाच वारसा 1963 पासून बीबीसीवर चाललेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेकडे आला. 25 डिसेंबर 1965 च्या भागाअखेर नायक विल्यम हार्टनेल यांनी हाती पेला घेऊन, कथेची चौकट बेलाशक ओलांडून, घरोघरच्या प्रेक्षकांना शुभेच्छा दिल्या; त्या भागाची चित्रफीत मात्र दप्तरातून नाहीशी झाली, ध्वनिमुद्रण तेवढे उरले. 1989 मध्ये मालिका स्थगित झाली, तरी कथा थांबली नाही : बिग फिनिश या निर्मितीसंस्थेने 2004 मध्ये पॉल कॉर्नेल यांच्या संपादनाखाली नाताळविषयक लघुकथांचा संग्रह काढला, आणि पुनरुज्जीवित मालिकेने 2005 पासून 2017 पर्यंत नाताळच्या विशेष भागाचा शिरस्ता अखंड चालविला.