गवत किती वाढू द्यायचं

दुसरं महायुद्ध संपल्यावर न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत एक गाव उगवलं. विल्यम लेविट नावाच्या बिल्डरने १९४७ ते १९५१ या काळात तिथे सतरा हजारांवर घरं बांधली. ऐन भरात दिवसाला तीसच्या आसपास घरं पुरी व्हायची. गावाचं नावही लेविटाउन. आघाडीवरून परतलेले सैनिक आणि त्यांच्या बायका या घरांसाठी रांगा लावत होते.

घर मिळालं की सोबत नियमांचा कागद यायचा. १५ एप्रिल ते १५ नोव्हेंबर या काळात अंगणातलं गवत आठवड्यातून निदान एकदा कापायचं. कुंपण घालायचं नाही. कपडे दोरीवर वाळत घालायचे नाहीत. मागच्या अंगणात सात फुटांपर्यंतचा, छत्रीसारखा फिरणारा एक स्टँड चालेल, पण तोही शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नाही. आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘कृपया बाल्कनीतून पाणी टपकू देऊ नये’ असे मेसेज वाचणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. थोडं हसूही येईल.

सुरुवातीची घरं भाड्याने दिली जायची, पुढे विकत घेण्याच्या सोयीसह. त्या भाडेकरारात पंचविसावं कलम होतं आणि ते मोठ्या अक्षरांत छापलेलं होतं: कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाच्या माणसाशिवाय कुणालाही या घरात राहू द्यायचं नाही. पुढे एक सवलत जोडलेली होती. घरातला नोकर गोरा नसला तरी चालेल.

ओल्या कपड्यांची अट आणि माणसांची अट एकाच व्यवहारात कशी आली, याची गोष्ट लेविटच्या शंभर वर्षं आधी सुरू होते. आणि तिची सुरुवात, गंमत म्हणजे, एका चांगल्या नियमापासून होते.

लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधली बाग टल्क नावाच्या मालकाने १८०८ साली विकली. आजूबाजूची घरं त्याने स्वतःकडे ठेवली होती, म्हणून विकताना अट घातली: बाग बागच ठेवायची, निगा राखायची, तिच्यावर बांधकाम करायचं नाही. जागा हातोहात फिरत मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याला बांधकाम करायचं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं की अट मी कबूल केलेली नाही, ज्याने केली त्याला विचारा. १८४८ साली न्यायालयाने त्याला सांगितलं की जागा घेताना अट तुला माहीत होती, तेव्हा ती तुलाही लागू आहे. लेस्टर स्क्वेअरमध्ये आजही बाग आहे.

म्हणजे दोन माणसांमधला करार आता जमिनीला चिकटला. माणसं बदलली तरी अट तिथेच. कायद्याच्या जगात ही मोठी उडी होती आणि अमेरिकेतल्या बिल्डरांनी तिचं सोनं केलं.

त्यातला सगळ्यात हुशार बिल्डर कॅन्सस सिटीचा जे. सी. निकल्स. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ‘कंट्री क्लब डिस्ट्रिक्ट’ ही वसाहत उभारायला घेतली. घर रस्त्यापासून किती आत हवं, बांधकामावर कमीत कमी किती खर्च व्हायला हवा, हे त्याच्या अटींत होतं. काळ्या माणसाला घर विकायचं नाही किंवा भाड्याने द्यायचं नाही, हेही होतं. पण निकल्सची खरी करामत वेगळी. पूर्वी अशा अटींना मुदत असायची, पंचवीस-तीस वर्षांनी त्या संपायच्या. निकल्सने त्या आपोआप नव्या होतील अशी तजवीज केली. बहुमताने वेळेआधी विरोध केला नाही तर त्या पुढे चालूच. शिवाय पैसे गोळा करायला आणि नियम पाळले जातात का बघायला घरमालकांची संघटना. होमओनर्स असोसिएशन, ज्याला आज अमेरिकेत सगळे ‘एचओए’ म्हणतात, तिचा साचा इथे तयार झाला. (खुद्द लेविटाउनला या अर्थाची असोसिएशन नव्हती; तिथे कंपनीच डोळ्यांत तेल घालून बसली होती.)

१९१७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा एक कायदा रद्द केला. गोऱ्यांची वस्ती जास्त असलेल्या गल्लीत काळ्या माणसाने राहायला जाऊ नये, असा तो कायदा होता. सरकारला असं करता येणार नाही, हे ठरलं. मग जे सरकारला जमेना ते शेजाऱ्यांनी खाजगी कराराने करायचं ठरवलं. १९२६ साली असा करार त्याच न्यायालयासमोर आला, तेव्हा न्यायालयाने हात वर केले: हा लोकांचा आपापसातला मामला आहे.

यात आपली माणसंही सापडली. पेशावरचे वैष्णोदास बगई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. त्यांनी बर्कलीत घर घेतलं. सामान घेऊन पोचले तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप घातलं होतं. कुलपाला करारमदार लागत नाही. कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला परतलं. पुढे वैष्णोदासना नागरिकत्व मिळालं, पण १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय हिंदू, म्हणून आर्य, म्हणून गोरे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद होता. दुसऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या शिडीवर आपली पायरी वरची आहे हे सांगून आत शिरण्याचा हा प्रयत्न वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. तो फसलाच. वैष्णोदासांचं नागरिकत्व गेलं, पाठोपाठ मालमत्तेचा हक्कही. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली.

थिंड यांच्या विरोधातला निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड. तीन वर्षांनी त्यांनीच आणखी एक गाजलेला निकाल लिहिला, शहरांच्या झोनिंगला मान्यता देणारा. त्यात बंगल्यांच्या वस्तीत येणाऱ्या अपार्टमेंटच्या इमारतीला त्यांनी बांडगूळ म्हटलं आहे.

तोवर ही शेजाऱ्यांची हौस होती. १९३४ साली तिला सरकारी शिक्का मिळाला. मंदीत घरबांधणी सावरण्यासाठी फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था निघाली. ती गृहकर्जांना हमी द्यायची. कुठल्या वस्तीतल्या कर्जाला हमी द्यायची हे ठरवण्यासाठी तिची नियमपुस्तिका होती आणि ती अशा वांशिक अटींची शिफारस करत होती. वाढलेलं गवत, वाळत घातलेले कपडे आणि शेजारी आलेलं काळं कुटुंब या तिन्हींचा हिशेब एकाच रकान्यात मांडला गेला: घराची किंमत पडते. मला वाटतं, या इतिहासाची किल्ली या रकान्यात आहे. द्वेष होताच, पण तो मनात न ठेवताही चालत होता. ‘माझं कुणाशी वैर नाही, मी फक्त माझ्या घराची किंमत बघतो’ असं म्हणायची सोय झाली होती. लेविट स्वतः ज्यू, आणि त्याचंही म्हणणं साधारण हेच असायचं.

आता सेंट लुइस, ४६०० लाबाडी अव्हेन्यू. विटांचं दुमजली घर. १९४५ साली ते जे. डी. आणि एथेल ली शेली या काळ्या दांपत्याने घेतलं. त्यांना सहा मुलं होती. त्या रस्त्यावरच्या बहुतेक मालकांनी १९११ साली पन्नास वर्षांचा करार करून ठेवला होता: ‘निग्रो किंवा मंगोलियन’ वंशाच्या कुणाला इथे राहू द्यायचं नाही. शेलींना याचा पत्ता नव्हता. क्रेमर नावाच्या रहिवाशांनी त्यांना बाहेर काढण्यासाठी खटला भरला आणि मिसुरीच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला.

३ मे १९४८ रोजी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, ६ विरुद्ध ०. नऊपैकी तीन न्यायमूर्ती सुनावणीतून बाजूला झाले होते. कारण त्यांनी दिलं नाही, पण त्यांची स्वतःची घरं अशाच अटींची असावीत, असं तेव्हापासून बोललं जातं. निकालातला मुद्दा बारीक आहे. शेजाऱ्यांनी आपसात असा करार करणं बेकायदा आहे असं न्यायालय म्हणालं नाही. ते म्हणालं की करार पाळायला लावण्यासाठी तुम्ही कोर्टाची पायरी चढता, कोर्ट म्हणजे सरकार, आणि सरकारला हे काम करता येणार नाही. कुटुंबाला घराबाहेर काढायला शेवटी सरकारी माणूसच लागतो. त्याला मागे घेतलं की करार नुसताच उरतो. १८४८ साली जमिनीला चिकटलेली अट बरोबर शंभर वर्षांनी एका ठिकाणी उकलली.

पण एकाच ठिकाणी. लेविटने पंचविसावं कलम काढलं आणि विक्री गोऱ्यांनाच चालू ठेवली. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेविटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं, तेव्हा जमावाने घराभोवती गर्दी केली, दगड मारले. घर त्यांना लेविटने नव्हे, आधीच्या मालकाने विकलं होतं. मायर्स कुटुंब हटलं नाही. वंशावरून घर नाकारणं बेकायदा ठरायला १९६८ उजाडलं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली.

माणसांची अट गेली. निकल्सचं यंत्र मात्र शाबूत राहिलं आणि फोफावलं. जमीन महागली होती, बिल्डरांना कमी जागेत जास्त घरं हवी होती, आणि नगरपालिकांना आयती सोय झाली: आतले रस्ते, गटारं, बागा असोसिएशन सांभाळणार, कर मात्र पालिकेला. १९७० साली अशा साधारण दहा हजार संघटना होत्या. आज साडेतीन लाखांच्या वर आहेत आणि सात कोटींहून जास्त लोक त्यांत राहतात.

फ्रिस्को, प्लेनो ही टेक्ससमधली नावं मराठी घरांत आता परकी राहिलेली नाहीत. २०१० साली फ्रिस्कोमधली एक बातमी देशभर गाजली. एक लष्करी अधिकारी इराकमध्ये तैनात होता. घरावर कर्ज नव्हतं, किंमत तीन लाख डॉलर. असोसिएशनची आठशे डॉलरच्या आसपास वर्गणी थकली. घर लिलावात साडेतीन हजार डॉलरला गेलं. टेक्ससमध्ये तेव्हा त्यासाठी न्यायाधीशासमोर जाण्याचीही गरज नव्हती. पुढे तडजोड होऊन घर परत मिळालं, आणि नंतर टेक्ससने आधी कोर्टाचा आदेश घेणं बंधनकारक केलं. वर्गणी बुडवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. लिफ्टचं बिल कुणीतरी भरावंच लागतं आणि सोसायटीच्या कमिटीत फुकट राबणारे काका कुणाचे खलनायक नसतात. पण १९४८ चा निकाल सरकारी माणसापाशी येऊन थांबला होता, आणि इथे त्या माणसाला वळसा घालूनच घर विकलं गेलं.

शिकागोतल्या एका इमारतीचा नियम तर अगदी आपलाच: दाराबाहेर चपला, बूट, पायपुसणी, कसलीही वस्तू ठेवायची नाही. २००१ साली केलेला, साधा, स्वच्छतेचा. २००४ मध्ये कमिटीने ‘कसलीही वस्तू’ हे शब्द चौकटीवरच्या मेझुझालाही लावले. ज्यू घरांत दाराच्या चौकटीला धर्मवचनांची छोटी डबी लावतात, ती मेझुझा. एका कुटुंबाची मेझुझा पुन्हा पुन्हा काढून टाकली गेली, घरात मृत्यू झालेला असतानाही. खटला २००९ पर्यंत चालला, आणि शेवटी अपील न्यायालयाने कुटुंबाचं गाऱ्हाणं ऐकायला हवं असं ठरवलं. टेक्ससने २०११ मध्ये दारावर धार्मिक वस्तू लावायला परवानगी देणारा कायदा केला. मर्यादा पंचवीस चौरस इंच. आंब्याच्या पानांचं तोरण त्यात बसलं नसतं.

हे वाचताना आपली सोसायटी डोळ्यांसमोर येणारच. भारतातल्या सुरुवातीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक म्हणजे मुंबईत गावदेवीची सारस्वत सोसायटी, १९१५ ची. एका ज्ञातीच्या माणसांनी परक्या शहरात एकमेकांच्या आधाराने घरं उभी केली. त्यात मला दोष दिसत नाही. शहरात नवखा माणूस आधी आपली माणसं शोधतो. पण २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा नियम, सभासद पारशीच हवा, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरला. घटनेची समता सरकारवर बंधनकारक आहे, सहकारी संस्थेच्या उपविधींवर नाही, आणि संघटना करण्याचं स्वातंत्र्य लोकांना आहे, असा त्याचा सूर. लाबाडी अव्हेन्यूच्या खटल्यात विचारलेला प्रश्न, की नियम राबवायला येतो तो कोण, इथे दुसऱ्या दिशेने सुटला. पारशी समाज लहान आहे, त्याची भीती समजते. मात्र या निकालाचा आडोसा लहान समाजापुरता राहत नाही. आडनाव विचारून, मग ‘तुम्ही नॉनव्हेज खाता का’ विचारून फोन ठेवणारे ब्रोकर तुम्हाला भेटले असतील, तर पुढचं सांगायला नको.

बर्कलीत आता एका रस्त्याला कला बगई यांचं नाव आहे. आणि कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा केला, त्यानुसार प्रत्येक काउंटीच्या नोंदणी कार्यालयाने जुने दस्त तपासून वंशाच्या अटी शोधायच्या आहेत. १९६८ नंतर त्या पाळायच्या नव्हत्या, पण पुसल्याही नव्हत्या. घर विकताना दर वेळी नव्या मालकाच्या हाती पडत होत्या. सापडलेल्या ओळी खोडायच्या आणि दस्ताची नवी प्रत नोंदवायची. मूळ प्रत इतिहास म्हणून जपून ठेवायची. त्याच दस्तातल्या कुंपणाच्या आणि कोंबड्यांच्या अटींना हात लावायचा नाही.