नखाखालची गांठ

शहापूर आणि मुरबाड हे ठाणें जिल्ह्यांतील भाताचे तालुके. पेरणीपासून लावणी उरकेपर्यंत येथील स्त्रियांचे हात चिखलपाण्यांत असतात. अशा हाताच्या एकाच बोटाला नखाखालीं कळ लागावी, सूज नाहीं, पू नाहीं, परंतु गार पाण्याचा स्पर्श होतांच जीव कासावीस व्हावा, असें दुखणें घरच्यांस सोंग वाटलें तर नवल नाहीं. नखुरडें समजून बोट लिंबांत खोचावें, तर तें पिकतही नाहीं.

हें सोंग नव्हे, हें समजण्यास वैद्यकालाही पुष्कळ काळ लागला. १८१२ सालीं एडिंबरोच्या विल्यम वुड या शस्त्रवैद्यानें कातडीखालच्या अशा दुखऱ्या गांठींचें वर्णन प्रसिद्ध केलें. गांठ कशाची बनते, याचा उलगडा व्हावयास मात्र शंभरांवर वर्षें जावीं लागलीं. बोटांच्या टोकांशीं धमनी व शीर यांना थेट जोडणाऱ्या सूक्ष्म, वळणदार वाटा असतात. थंडी-ऊन पाहून रक्ताचा ओघ कमीअधिक करणें, हें त्यांचें काम. त्यांच्याच पेशी वाजवीपेक्षां फाजील वाढून ही गांठ होते, असें फ्रान्समधील पिअर मासों यांनीं १९२४ सालीं दाखवून दिलें. तिला ग्लोमस गांठ म्हणतात. ती विरळा आढळते, आकारानें बहुधा कांहीं मिलिमीटरच असते, आणि क्वचित् अपवाद सोडल्यास कर्करोगाशीं तिचा संबंध नसतो.

ओळखण्याची युक्ति त्याहून साधी. १९४४ सालीं अमेरिकेंतील डॉक्टर लव्ह यांनीं टांचणीची परीक्षा सांगितली. टांचणीच्या डोक्यानें नखावर ठिकठिकाणीं दाबीत जावें. एका नेमक्या बिंदूवर रोगी कळवळतो, रेसभर बाजूस कांहींच होत नाहीं. १९७० सालीं हिल्ड्रेथ यांनीं दुसरी खूण दिली: दंडाला पट्टा आंवळून रक्त थोपविलें कीं कळ ओसरते. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयांत किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयांत या दोन्ही परीक्षा करण्यास टांचणी आणि पट्टा एवढें पुरे. उणीव असते ती संशय येण्याची. निश्चितीसाठीं एमआरआय काढतात.

मलमपट्टीनें ही गांठ जात नाहीं. ती काढावीच लागते. बोट बधिर करून नख उचलतात, गांठ सबंध सोडवितात आणि नखाखालची त्वचा शिवतात. वर्षानुवर्षांची कळ बहुधा थोड्याच काळांत नाहींशी होते. अंश मागें राहिल्यास मात्र गांठ पुन्हां उद्भवते. तेव्हां तीच कळ परतल्यास बोट पुनश्च दाखवावें.