काम जमेल का? ठरवणार कोण?

आजचा भाग एका साध्या प्रश्नाच्या इतिहासावर. मानसिक आजारातून सावरलेला माणूस कामावर परत जाऊ शकतो का, आणि हे ठरवायचं कोणी?

मी बोलतोय टोकावड्याहून, म्हणजे मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या वाटेवरून. आमच्यासाठी मोठं मनोरुग्णालय म्हणजे ठाण्याचं, १९०१ सालचं. त्या काळच्या कायद्याला, म्हणजे १९१२ च्या 'लुनसी' कायद्याला, मुख्य प्रश्न एकच होता: माणसाला आत ठेवायचं की बाहेर? बाहेर आल्यावर तो पोट कसं भरणार, हे त्यात नव्हतंच.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने चित्र बदललं. मानसिक आजार अपंगत्वात धरला गेला, आणि सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढून टाकायला बंदी आली. पण मोजायचं कसं? त्यासाठी २००२ मध्ये 'आयडियाज' ही मोजपट्टी आली. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि काम, अशा चार बाबी. प्रत्येकीला ० ते ४ गुण, जितका त्रास जास्त तितके गुण जास्त. वर आजाराच्या कालावधीचे १ ते ४. एकूण ७ झाले की ४० टक्के अपंगत्व, आणि सवलतींचं दार उघडतं.

आता खरी गोची बघा. समजा, एखादा गडी लावणीला चिखलात दिवसभर राबतो, पण वीटभट्टीवरच्या गोंगाटात दोन तासही टिकत नाही. 'काम' या रकान्यात त्याला किती गुण द्यायचे? लावणीचं खरं सांगितलं तर गुण घटतात, दाखला हुकू शकतो. लपवलं तर कागदावर तो निकामी ठरतो. म्हणजे बरं होण्याचीच भीती!

२०१६ च्या कायद्यानेही नोकरीचं ते संरक्षण कायम ठेवलं. पण तेही सरकारी आस्थापनांपुरतं. मजुराला मुकादमाने उद्या 'येऊ नको' म्हटलं, तर?

अमेरिकेत १९९० च्या दशकात एक वेगळी पद्धत रुजली: आधी पसंतीचं खरं काम द्या, मग कामावरच मदत करा. मला हे पटतं. कारण माणूस काय करू शकतो, हे तपासणीच्या खोलीत अर्धंच कळतं. उरलेलं बांधावर कळतं, कुणी संधी दिली तर.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!