अमृतधारा आणि लक्ष्मणधारा : एका नावाची सीमा

व्यापारचिन्हांची नोंदणी करणारा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात आला तो थेट १९४० साली. तोवर बाजारात नावे रुजली होती, त्यांच्या नकलाही रुजल्या होत्या. त्यांतली खरी कोणती आणि नक्कल कोणती, हे कसे ठरवायचे? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर एका औषधाच्या बाटलीत सापडते.

'अमृतधारा' १९०१ पासून लाहोरमध्ये तयार होत असे. डोकेदुखी, अतिसार, बद्धकोष्ठ अशा नाना तक्रारींवरचे हे घरगुती औषध. फाळणीनंतर या व्यवसायाने देहरादूनला बिऱ्हाड हलवले. कारखाना मागे राहिला, नाव मात्र सोबत आले. निर्वासित व्यापाऱ्याच्या लेखी नावाचे मोल काय असते, ते इथे कळते.

इकडे कानपूरची रूपविलास कंपनी १९२३ पासून तशाच तक्रारींवर 'लक्ष्मणधारा' विकत होती. १९५० साली तिने नोंदणीसाठी अर्ज केला आणि अमृतधारावाल्यांनी हरकत घेतली.

निबंधकांना दोन्ही नावांतले साम्य मान्य होते. पण लक्ष्मणधारा इतकी वर्षे प्रामाणिकपणे विकली जात होती आणि अमृतधारावाल्यांनी ते चालू दिले होते, हेही त्यांनी जमेस धरले. त्यांनी नोंदणी दिली, ती केवळ उत्तर प्रदेशातील विक्रीपुरती. अलाहाबाद उच्च न्यायालयाला साम्यच पटले नाही. त्याने ही मर्यादा काढून टाकली.

२७ एप्रिल १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निबंधकांचा निर्णय पुन्हा कायम केला. त्या निकालपत्रातला ग्राहक मला फार जिवंत वाटतो. तो खेड्यातला असेल, शहरातला असेल, साक्षर असेल वा निरक्षर. एक प्रवाह अमृताचा आणि दुसरा लक्ष्मणाचा, असा समासविग्रह करीत तो दुकानात उभा राहत नाही. त्याच्या कानात अर्धवट आठवणारा एक नाद असतो, आणि त्या नादावर तो बाटली मागतो. व्युत्पत्तीपेक्षा कानाला प्रमाण मानणारा हा निकाल नावांच्या साम्याच्या खटल्यांत आजही आधाराला घेतला जातो. (बाजाराचा सामाजिक इतिहास लिहिणाऱ्यांनी निकालपत्रे अधिक वाचावीत, असे माझे मत आहे.)

न्याय मात्र कोणालाच पुरा मिळाला नाही. जुन्या नावाला उत्तर प्रदेशात प्रतिस्पर्धी सहन करावा लागला, कारण विरोधाला फार उशीर झाला होता. आणि लक्ष्मणधारेची नोंदणी राज्याच्या हद्दीपाशी थांबली. हद्दीपलीकडे विकल्या जाणाऱ्या तिच्या बाटलीमागे त्या नोंदणीचे पाठबळ उरले नाही.