ठेचा गावरान की मेक्सिकन?

कानात हेडफोन आणि हातात भाकरी असेल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी आहे.

मेक्सिकन ग्रीन साल्साचा व्हिडिओ कधी बघितलाय? काळ्या दगडाचं तीन पायांचं भांडं, त्यात लसूण, मीठ, हिरव्या मिरच्या, आणि वरून दगडी बत्ता. आवाज बंद करून बघा. वाटेल, आपल्याच आळीत कुणाकडे तरी ठेचा चाललाय.

आपण अभिमानाने म्हणतो, ‘गावरान ठेचा’. पण त्यातली मिरची किती गावरान?

चला, जालन्यात मस्तगडावर. ही गढी निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकुमावरून काबिलखानाने 1725 मध्ये बांधली. त्याच्याही सव्वाशे वर्षं आधी अकबराचा इतिहासकार अबुल फजल काही काळ जालन्यात राहिला होता, असं जुनं गॅझेटियर सांगतं. याच अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही मुदपाकखान्यातले पदार्थ, मसाले आणि त्यांचे भाव लिहून ठेवलेत. मिरी आहे, आलं आहे, लवंग आहे. मिरची? नाहीच!

म्हणजे तोवर तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी. आणि मिरी काही मराठवाड्यात पिकत नाही. ती यायची मलबारातून. विकत घ्यायची, म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा त्याच्या जेवणात मिरी.

याच मिरीच्या शोधात कोलंबस 1492 मध्ये निघाला आणि भलत्याच किनाऱ्याला लागला. तिथे त्याला मिळाली मिरची. मेक्सिकोतले लोक ती हजारो वर्षं खात होते. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतला शब्द ‘चिल्ली’, तोच पुढे इंग्रजीत गेला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्याकडे आली. आपण नवीन पाहुणीला जुन्या मिरीचंच नाव चिकटवलं.

आता खरी गोष्ट ऐका. मिरची परसात उगवते. चार रोपं लावली की घरादाराला पुरते, वाळवली की वर्षभर टिकते. ज्याच्या घरी डाळ नाही, तेल नाही, त्यालाही भाकरीसोबत चव मिळाली. ठेचा हा हौसेचा पदार्थ नव्हता, मंडळी. कोरड्यास नसेल त्या दिवशी तोच कोरड्यास होता.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती बरं का. साल्सातली कोथिंबीर, कांदा, लसूण मेक्सिकोत मूळचे नाहीत. ते स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. आपल्या ठेच्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतून इकडे आला. त्यांचं ते दगडी भांडं, ‘मोल्काहेते’, बेसॉल्टचं असतं. आपला पाटा-वरवंटाही दख्खनच्या त्याच काळ्या दगडाचा!

घरी साल्सा करायचाय? त्यात टोमॅटिलो लागतो, म्हणजे कागदी टोपणातलं आंबटसर हिरवं फळ. आपल्या रानातली चिरबोटी त्याच कुळातली. टोमॅटिलो मिळाला नाही तर चार कच्चे हिरवे टोमॅटो घ्या. टोमॅटोही मूळचा तिकडचाच. तव्यावर डाग पडेपर्यंत भाजा. दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि लसणाच्या दोन पाकळ्याही भाजा. आधी लसूण-मीठ-मिरची कुटा, मग टोमॅटो घालून जाडसर रगडा. शेवटी बारीक चिरलेला कांदा, मूठभर कोथिंबीर, आंबटपणा कमी वाटला तर लिंबू. मिक्सर चालेल, पण एकदाच फिरवा, पेस्ट करू नका. फरक इतकाच, की साल्सा आंबट आणि रसदार, तर ठेचा कोरडा आणि झणझणीत.

मग ठेचा गावरान की मेक्सिकन? जालना जिल्ह्यातच भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाईला जाऊन बघा. हिरव्या मिरचीचा मोठा बाजार भरतो. भाव पडला की शेतकऱ्याची तोडणीची मजुरीही निघत नाही, तरी पुढच्या हंगामात तो पुन्हा रोपं लावतो. बी परदेशातून आलं असेल, पण घाम इथलाच आहे. माझ्या लेखी गावरान म्हणजे हेच.

तुमच्या घरी ठेचा कशात करतात? खलबत्ता, पाटा, की तव्यावरच तांब्याच्या बुडाने? नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर पाणी जवळ ठेवा!