शीर्ष-गॅस्केट

मोटारगाडीच्या एंजिनातील सिलिंडर-ठोकळा व त्यावरील शीर्ष यांच्या सांध्यात घालण्यात येणाऱ्या पातळ थरास शीर्ष-गॅस्केट म्हणतात. कारागिरांत तो ‘हेड गॅस्केट’ या नावाने परिचित आहे. ज्वलनाचे तप्त वायू, थंडाव्याचे पाणी व वंगण तेल यांना एकमेकांपासून अलग ठेवणे हे त्याचे कार्य होय.

आरंभीच्या अनेक एंजिनांत सिलिंडर व शीर्ष एकसंध ओतीत असत. बेंटली 3 लिटर या 1921 पासून विकल्या गेलेल्या गाडीतही हीच रचना होती. तीत गळणारा सांधाच नव्हता; परंतु झडपा काढण्यासाठी सबंध ठोकळा उतरवावा लागे. फोर्ड कंपनीच्या 1908 मधील मॉडेल टी गाडीत चारही सिलिंडर एका ओतकामात असून शीर्ष सुटे होते. त्यामुळे दुरुस्ती सुलभ झाली, पण एंजिनात एक दुबळा सांधा आला. गॅस्केटचा पुढील इतिहास हा या सोयीचे मोल चुकविण्याचा इतिहास आहे.

प्रथम तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टस घालून केलेली गॅस्केटे रूढ झाली. ती उष्णता सोशीत व दबून बारीक फटी भरून काढीत. तथापि ॲस्बेस्टसचे तंतू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचे विकार व कर्करोग होतात, हे सिद्ध झाल्याने अनेक देशांनी त्यावर निर्बंध घातले. यूरोपीय संघात 2005 पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. त्याची जागा ग्राफाइट, कृत्रिम तंतू व बहुस्तरी पोलादी पत्रे यांनी घेतली. जुन्या एंजिनातील गॅस्केट कोरडे खरवडणे मात्र आजही धोक्याचे आहे.

हलक्या ॲल्युमिनियमी शीर्षांमुळे नवी अडचण उद्‌भवली. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे एंजिन तापताना व निवताना सांध्याचे पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात आणि गॅस्केट झिजते.

बाहेर गळती नसताना पाणी कमी होणे, धुराड्यातून सतत पांढरी वाफ येणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसणे आणि शेजारच्या दोन सिलिंडरांतील संपीडन-दाब घटणे, ही बिघाडाची लक्षणे होत. तेलाच्या झाकणाखालील दुधी फेस हा एकटा पुरावा पुरेसा नाही. थंडीत गाडी थोडे अंतर चालविल्यानेही तो येतो. रेडिएटरवरील हवा निळ्या दर्शक द्रवातून जाऊ दिली असता द्रव पिवळा झाल्यास ज्वलनवायू पाण्यात मिसळत असल्याचे कळते.

दुरुस्तीत शीर्ष उतरवून त्याचा सपाटपणा सरळ पट्टीने तपासतात व ते वाकलेले असल्यास यंत्रावर घासून घेतात. बोल्ट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळतात; अनेक आधुनिक एंजिनांत ते आवळताना ताणले जात असल्याने नवेच घालावे लागतात. गॅस्केट फुटणे हे पुष्कळदा मूळ कारण नसून एंजिन अतितप्त झाल्याचा परिणाम असते. तुंबलेले रेडिएटर, निकामी पंप किंवा अडकलेला थर्मोस्टॅट तसाच ठेवल्यास नवे गॅस्केटही टिकत नाही.